यंत्राची शाळा: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांची सत्तर वर्षं

मंडळी, 'मॉडेल' म्हटलं की आमच्या पिढीला दोनच गोष्टी आठवतात. एक मधू सप्रे, आणि दुसरं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातलं थर्माकोलचं धरण! आता मात्र पॉटलकला दोन घास पोटात जातात न जातात तोच कुणीतरी विचारतं, "तू कुठलं मॉडेल वापरतोस?" ऑफिसात तेच, मुलांच्या शाळेत तेच, आणि पुण्याहून आईचा फोन आला तर तिच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरही तेच. शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. पण हे मॉडेल म्हणजे नेमकं काय, त्याचे प्रकार किती आणि ते आलं कुठून, असं विचारलं की बोलणं पटकन पावभाजीवर येतं. म्हणून हा लेखप्रपंच.

थर्माकोलच्या धरणापासूनच सुरुवात करू. ते धरण खरं नसतं, पण पाणी कुठून येतं आणि दार उघडलं की कुठे जातं, एवढं त्यावरून कळतं. मॉडेल म्हणजे खऱ्या गोष्टीची कामापुरती प्रतिकृती. कॉम्प्युटरमधलं मॉडेल थर्माकोलऐवजी गणिताचं असतं. अक्षर ओळखणं, बुद्धिबळातली खेळी ठरवणं, रोगाचं निदान करणं, वाक्य पूर्ण करणं, अशा माणसाच्या एखाद्या बुद्धीच्या कामाची ती गणिती प्रतिकृती. एका बाजूने प्रश्न आत जातो, दुसऱ्या बाजूने उत्तर बाहेर येतं. मधलं गणित कसं तयार करायचं, यावरून मात्र गेली सत्तर वर्षं दोन घराण्यांचा वाद चालू आहे.

हा वाद आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. रविवारच्या मराठी शाळेत 'तो चमचा, ती वाटी, ते ताट' हे मुलांना कसं शिकवायचं? आकारान्त शब्द पुल्लिंगी असा नियम सांगावा, तर 'शाळा' आणि 'हवा' आडव्या येतात. एकेका नियमाला अपवादांची शेपूट. उलट आजी सहा महिने राहून गेली, की कुठलाही नियम न शिकता नात बिनचूक 'ती वाटी' म्हणायला लागते. नियम सांगायचे की उदाहरणं दाखवायची? कृत्रिम बुद्धिमत्तेचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

पहिलं घराणं: नियम सांगा

न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर गावी डार्टमथ कॉलेज आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात तिथे काही गणिती आणि शास्त्रज्ञ जमले. त्याच्या आदल्या वर्षी जॉन मॅकार्थी, मार्व्हिन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन या चौघांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे पैशासाठी अर्ज केला होता. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव त्या अर्जात आलं आणि पुढे तेच रूढ झालं. माणसाच्या बुद्धीचं कोणतंही काम इतक्या नेमकेपणाने वर्णन करता येईल की यंत्राला त्याची नक्कल जमेल, असा त्यांचा विश्वास. दहा माणसांनी दोन महिने बसून काम केलं तर यात बरीच मजल मारता येईल, असंही अर्जात लिहिलेलं होतं. उत्साह दांडगा!

त्या उत्साहाला कारणही होतं. ॲलन न्यूवेल, हर्बर्ट सायमन आणि क्लिफ शॉ यांचा 'लॉजिक थिअरिस्ट' हा प्रोग्रॅम त्याच वर्षी तयार झाला होता. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' या ग्रंथातल्या दुसऱ्या प्रकरणातल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ त्याने सिद्ध करून दाखवली. यंत्राला तर्काचे नियम दिले होते, आणि त्या नियमांच्या जंगलातून वाट त्याने शोधली.

भाषांतराचंही तसंच. जानेवारी १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग दाखवला. साठाहून थोडी जास्त रशियन वाक्यं यंत्राने इंग्रजीत आणली. शब्दसंग्रह २५० शब्दांचा आणि व्याकरणाचे नियम फक्त सहा. आता तीन-पाच वर्षांत भाषांतराचा प्रश्न सुटलाच, असं बोललं जाऊ लागलं. शब्द वाढले तसे नियम वाढले, आणि नियम वाढले तसे ते एकमेकांच्या पायात पाय घालू लागले. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीने अहवाल दिला की यंत्राचं भाषांतर माणसापेक्षा हळू, कमी अचूक आणि वर महागही पडतं. मग पैसे आटले.

त्याच १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' या प्रोग्रॅमचं वर्णन प्रसिद्ध केलं. एलायझा मानसोपचारतज्ज्ञासारखी बोलायची. तिच्याकडे होते फक्त काही साचे. तुम्ही आईचा उल्लेख केलात की ती घरच्यांबद्दल विचारणार, तुम्ही 'मी दुःखी आहे' म्हणालात की ती तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न करणार. तिला आई म्हणजे काय किंवा दुःख म्हणजे काय, याचा पत्ताही नव्हता. तरी माणसं तिच्याशी मन मोकळं करू लागली. हे सगळं कसं चालतं हे जवळून पाहिलेल्या वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनेही, "जरा बाहेर जाता का, मला तिच्याशी एकटीने बोलायचंय," अशा अर्थाची विनंती केली. वायझेनबाउम त्यामुळे इतके अस्वस्थ झाले की पुढे त्यांनी या विषयाच्या अतिरेकावर टीका करणारं पुस्तकच लिहिलं. समोरचा नीट बोलतोय म्हणजे त्याला समजतंय, असं आपण किती सहज धरून चालतो! ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती लागणार आहे.

१९७० च्या दशकात या घराण्याने नवा मार्ग धरला. सगळ्या जगाचे नियम राहू देत, एका विषयाचे लिहू. यातून तयार झालेल्या मॉडेलांना 'एक्स्पर्ट सिस्टिम' म्हणतात. स्टॅनफर्डमधल्या 'मायसिन'मध्ये रक्तातल्या जंतुसंसर्गाबद्दल सुमारे ६०० नियम होते. कोणतं अँटिबायोटिक द्यावं याचा तिचा सल्ला चाचणीत तज्ज्ञांच्या तोडीचा ठरला, पण रुग्णांवर उपचार करताना ती रोजच्या वापरात कधी आली नाही. १९९४ चं ट्युरिंग पारितोषिक या क्षेत्रातल्या दोघांना मिळालं. एक स्टॅनफर्डचे एडवर्ड फाइगेनबॉम, आणि दुसरे पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमधले, मूळचे आंध्रचे राज रेड्डी. यंत्राला माणसाचं बोलणं कळावं म्हणून रेड्डींनी आयुष्यभर काम केलं.

मग अडलं कुठे? समजा, चकलीची भाजणी उत्तम करणाऱ्या एखाद्या काकूंना विचारलं, "मोहन किती घालायचं?" उत्तर येणार, "अगं, हाताला कळतं." तज्ज्ञाला जे येतं ते सगळं त्याला सांगता येत नाही. सांगता येत नाही त्याचा नियम लिहिणार कसा? पदार्थविज्ञानाचं गणित सोडवणारं यंत्र तयार झालं, पण मांजर आणि कुत्रा यातला फरक नियमात बसवता येईना.

तरीही या घराण्याचा एक मोठा विजय सांगायलाच हवा. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या 'डीप ब्लू'ने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला ३.५ विरुद्ध २.५ असं हरवलं. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायच्या आणि माणसांनी ठरवून दिलेल्या निकषांवर त्यातली चांगली खेळी निवडायची, ही त्याची रीत. बुद्धिबळाचे नियम पक्के असतात म्हणून हे जमलं. आयुष्याचे नियम तेवढे पक्के नसतात.

दुसरं घराणं: उदाहरणं दाखवा

दुसऱ्या घराण्याची सुरुवात खरं तर डार्टमथच्याही आधीची. १९४३ मध्ये वॉरन मॅककुलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतल्या पेशीचं गणिती मॉडेल मांडलं. त्यावरून पुढे बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत फ्रँक रोझेनब्लाट यांनी 'पर्सेप्ट्रॉन' बनवला. १९५८ मध्ये त्याचं प्रात्यक्षिक झालं. डावीकडे खूण असलेली कार्डं आणि उजवीकडे खूण असलेली कार्डं यातला फरक पन्नासेक प्रयत्नांनंतर यंत्र आपलं आपण शिकलं.

हे कसं होतं? आपण इंडियन स्टोअरमधून हापूसची पेटी आणतो. आंबा पिकलाय का, हे रंग, वास आणि मऊपणा यांवरून ठरवतो. समजा वासाला सहा, मऊपणाला तीन आणि रंगाला एक असं वजन दिलं. बेरीज ठरावीक आकड्याच्या पुढे गेली की आंबा कापायचा. पर्सेप्ट्रॉन एवढंच करतो. फक्त ही वजनं त्याला कुणी सांगत नाही. आंबा आंबट निघाला की ज्या खुणेने फसवलं तिचं वजन थोडं कमी करायचं, गोड निघाला की तसंच ठेवायचं. बऱ्याच पेट्या संपल्या की वजनं जागेवर येतात. तुमच्या घरचे हे काम आनंदाने करतील! आज 'अमुक इतके पॅरामीटर्स' असं जे ऐकू येतं ना, ते पॅरामीटर्स म्हणजे मुख्यतः हीच वजनं. शिकलेलं मॉडेल म्हणजे अशा आकड्यांची भली मोठी वही.

पण एका थराच्या पर्सेप्ट्रॉनला एक गोष्ट जमत नाही. आपल्या घरातल्या जिन्याचा दिवा घ्या. खाली एक बटण, वर एक. दोनपैकी एकच बटण दाबलं तर दिवा लागतो, दोन्ही दाबली तर विझतो. एवढा साधा हिशेब त्याला कधीही शिकता येणार नाही, हे मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी १९६९ च्या पुस्तकात गणिताने दाखवलं. मिन्स्की आणि रोझेनब्लाट दोघेही न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्सचे विद्यार्थी. या पुस्तकानंतर दुसऱ्या घराण्याचे दिवस फिरले. रोझेनब्लाट १९७१ मध्ये, आपल्या ४३ व्या वाढदिवशी, बोटीच्या अपघातात गेले. आपलं म्हणणं पुढे खरं ठरलेलं त्यांना पाहता आलं नाही.

उपाय होता थरावर थर चढवण्याचा. अडचण अशी की उत्तर चुकलं तर मधल्या थरांतल्या कुणाचं किती चुकलं, हे कसं ठरवायचं? चारजणांनी मिळून केलेली आमटी खारट झाली तर कुणाचा हात किती सैल होता, हे जसं मागे मागे जाऊन शोधावं लागेल, तसंच. १९८६ मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांनी 'नेचर'मधल्या लेखात चुकीचा वाटा असा मागे पोचवण्याची रीत परिणामकारकपणे दाखवून दिली. तिचं नाव 'बॅकप्रॉपगेशन'. लवकरच न्यू जर्सीत होल्मडेलच्या बेल लॅब्जमध्ये यान लकून यांनी याच रीतीने हाताने लिहिलेले झिपकोड वाचणारं मॉडेल बनवलं. १९८९ च्या त्यांच्या लेखातले नऊ हजारांवर आकडे बफेलोच्या पोस्टातून जाणाऱ्या खऱ्या पत्रांवरचे होते. म्हणजे जिथे पर्सेप्ट्रॉन जन्मला त्याच गावची ही पत्रं!

या घराण्यातही शिकण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, उत्तरासकट उदाहरणं देणं: हे चित्र मांजराचं, हे कुत्र्याचं. दुसरा, उत्तरं न देता नुसता ढीग पुढे ठेवणं: मिसळलेली कडधान्यं नावं माहीत नसतानाही वेगळी करता येतात, तसं मॉडेल आपले गट आपण पाडतं. तिसरा, करून बघणं आणि शाबासकी मिळवणं: मार्च २०१६ मध्ये 'गो' या खेळात ली सेडोलला ४-१ असं हरवणारं 'अल्फागो' आधी माणसांचे डाव पाहून आणि मग स्वतःशीच असंख्य डाव खेळून तयार झालं होतं.

मोठी उडी २०१२ ची. स्टॅनफर्डच्या फे-फे ली आणि सहकाऱ्यांनी 'इमेजनेट' नावाचा चित्रांचा प्रचंड संग्रह माणसांकडून नावं लिहवून तयार केला होता. त्यातल्या सुमारे १२ लाख चित्रांवर, १००० प्रकार ओळखायची स्पर्धा व्हायची. टोरंटोमधल्या हिंटन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांचं मॉडेल १५ टक्क्यांच्या आसपास चुकलं. दुसऱ्या नंबरचं चुकलं २६ टक्के. मॉडेल चाललं होतं व्हिडिओ गेमसाठी विकल्या जाणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवर. रीत १९८६ ची, पण उदाहरणांचा ढीग आणि वेगवान यंत्रं आता कुठे मिळाली होती. २०२४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल जॉन हॉपफील्ड आणि हिंटन यांना मिळालं, तेव्हा या घराण्याचा रीतसर सत्कार झाला असं म्हणायला हरकत नाही.

रिकाम्या जागा भरा

आता भाषेकडे वळू, कारण हल्ली मॉडेल म्हटलं की बहुतेकांच्या मनात भाषेचंच मॉडेल असतं.

'दिवाळीच्या पहाटे अभ्यंग...' पुढचा शब्द तुम्ही मनात म्हटलाच असेल. भाषेचं मॉडेल हेच करतं: आधीचे शब्द पाहून पुढच्याचा अंदाज. कल्पना शंभर वर्षांहून जुनी. १९१३ मध्ये आंद्रेई मार्कोव्ह यांनी पुश्किनच्या एका काव्यातली २०,००० अक्षरं घेऊन स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं, याचा हिशेब मांडला. १९४८ मध्ये शॅनन यांनी बेल लॅब्जमध्ये हाच विचार इंग्रजीला लावला. पुढे आयबीएममध्ये फ्रेड जेलिनेक यांच्या गटाने बोलणं ओळखण्यासाठी आणि भाषांतरासाठी तो वापरला. कॅनडाच्या संसदेचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत छापलं जातं. तीच वाक्यांच्या जोड्यांची खाण ठरली. व्याकरणाचे नियम बाजूला राहिले आणि उदाहरणं पुढे आली.

२०१७ मध्ये गूगलमधल्या आठ जणांनी 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली. वाक्यातला प्रत्येक शब्द बाकीच्या शब्दांकडे किती लक्ष देतो, याची वजनं ती शिकते. आठांतले दोघे, आशिष वासवानी आणि निकी परमार, भारतात इंजिनियर होऊन अमेरिकेत आलेले. परमार तर पुण्याच्या पीआयसीटीतल्या. ही रचना घेऊन मॉडेलं फुगत गेली. २०२० च्या 'जीपीटी-३'मध्ये १७,५०० कोटी वजनं होती. ३० नोव्हेंबर २०२२ ला 'चॅटजीपीटी' आलं, तेव्हा नुसत्या अंदाजाच्या जोडीला माणसांनी उत्तरांना दिलेल्या पसंतीची शाबासकीही होती. त्याच वर्षी चित्र काढणारी मॉडेलंही घरोघरी पोचली. चित्रावर मुंग्या मुंग्या पसरवायच्या आणि त्या पुसून मूळ चित्र परत आणायला यंत्राला शिकवायचं, ही त्यांची युक्ती. पुरेसा सराव झाला की नुसत्या मुंग्यांमधूनही नवं चित्र निघतं. अशा नव्याने काही तयार करणाऱ्या मॉडेलांना 'जनरेटिव्ह' म्हणतात, झिपकोड वाचणारं मॉडेल मात्र केवळ ओळखणारं.

आपल्याला त्याचं काय?

दुसरं घराणं जिंकलं, पण त्यासोबत एक गोष्ट आली. नियमांच्या मॉडेलला जे सांगितलं नव्हतं, तिथे ते थांबायचं. उदाहरणांवर शिकलेलं मॉडेल सहसा थांबत नाही, ते अंदाज करतं. जिथे उदाहरणं भरपूर तिथे अंदाज पक्का. जिथे ती विरळ तिथे डळमळीत, पण आवाज दोन्हीकडे तेवढाच ठाम. इथे एलायझा आठवा.

आता मराठीचा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. पण जीपीटी-३ ने जे वाचलं होतं त्यातले सुमारे ९३ टक्के शब्द इंग्रजी होते. उरलेल्या सात टक्क्यांत जगातल्या बाकी सगळ्या भाषा, त्यात आपली मराठी! गूगलच्या भाषांतरात मराठी मे २०१३ मध्ये आली, म्हणजे ती सेवा सुरू झाल्यावर सात वर्षांनी. नंतरची मॉडेलं मराठी पुष्कळच बरी लिहितात हे खरं. पुण्याच्या 'एलथ्रीक्यूब' गटाने मराठी मजकुराचा 'महाकॉर्पस' आणि त्यावर शिकलेलं 'महाबर्ट' तयार केलं आहे, आयआयटी मद्रासमधला 'एआयफोरभारत' गट भारतीय भाषांवर काम करतो आहे. तरी उदाहरणं देणार कोण, हा प्रश्न राहतोच.

आणि इथे आपला, म्हणजे परदेशातल्या मंडळांचा, थेट संबंध येतो. आपले जुने दिवाळी अंक आठवा. १९९० आणि २००० च्या दशकांत ते शिवाजी, श्रीलिपी असल्या फॉन्टांत टाइप व्हायचे. कागदावर देवनागरी सुरेख दिसायची, पण फाइलच्या पोटात असायची रोमन अक्षरांची खिचडी. फॉन्ट काढला की नुसता गोंधळ. यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच! इथे येऊन पन्नास वर्षं झालेल्या लोकांचे अनुभव, इथल्या पहिल्या गणपतीच्या आठवणी, मिडवेस्टच्या थंडीत रुजलेली मराठी, यातलं बरंचसं असं कुलूपबंद आहे. उद्या एखादी नात यंत्राला विचारेल, "आमचे आजी-आजोबा अमेरिकेत आले तेव्हा दिवाळी कशी करायचे?" तेव्हा यंत्र अंदाजच करील, आणि ठासून सांगेल.

नियम सांगणाऱ्यांच्या जमान्यात आपल्याला करण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. ज्यांच्या कपाटात जुने अंक किंवा फाइली आहेत त्यांनी त्या मंडळाकडे द्याव्यात, लेखकांची परवानगी घेऊन त्या युनिकोडमध्ये आणाव्यात, आणि पुढचे लेख तरी सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहावेत. मुलांना मराठी शाळेत एक गृहपाठ जरूर द्या: यंत्राने आपल्या घराबद्दल किंवा गावाबद्दल जे मराठीत सांगितलं, ते फोन करून आजीकडून तपासून घ्यायचं. चूक सापडली तर खरं काय ते मुलांनी चार ओळींत लिहायचं, आणि ते पुढच्या दिवाळी अंकात छापायचं.